वरठा सरांकडे उरलेली भाषा

रविंद्र वरठा आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि मी मराठी. शाळा तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, आजूबाजूच्या पाड्यांवरच्या मुलांची. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये नुसती पत्र्याची आडभिंत होती. माझा वर्ग लिहिण्यात गुंतला की पलीकडून सरांचा आवाज स्पष्ट यायचा. माझी मुलं हळूच पेन थांबवून तिकडे कान द्यायची. मीही देत असे.

माणूस तसा अबोल. शर्ट कायम इस्त्रीचा, केस पाणी लावून बसवलेले. शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना चार वाक्यं बोलले तर खूप. पण फळ्यापुढे उभे राहिले की वेगळाच माणूस. इंग्रजी ही जणू त्यांच्या नात्यातली कुणी बाई असावी, तिचे हाल, तिचे दिवस, तिचं फिरलेलं नशीब, अशा थाटात ते सांगायचे.

सर वारली. वडील हाल्या डहाणूच्या एका चिकूवाडीत राखणीला, आई लाडकी पाड्यावर भात-नाचणी करणारी. पहिलीत बसवलं तेव्हा गुरुजी जी भाषा बोलत होते ती रविंद्रने घरात कधी ऐकलीच नव्हती. लोकांना वाटतं, वारली काय नि मराठी काय, जवळजवळच्याच. पण ‘आहे’ला तो ‘आहा’ म्हणायचा आणि अख्खा वर्ग हसायचा. तो गप्प बसायला शिकला.

‘‘पाचवीत इंग्रजी आली, बाई,’’ त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, ‘‘आणि माझ्या लक्षात आलं की यात सगळेच चुकतात. गुजरात्याचा पोर चुकतो, ब्राह्मणाचा चुकतो, गुरुजीसुद्धा चुकतात. मराठीत मी एकटा चुकायचो. म्हणून मला ती आवडली.’’

एवढ्या एका कारणावर त्यांनी अख्खं आयुष्य उभं केलं.

त्यांची बायको निर्मला आमच्या चिंचणीची, समुद्राकाठच्या मासेमार मांगेल्यांची. आमची घरं एका ओळीत, बोंबील वाळवायच्या काठ्यासुद्धा शेजारी शेजारी. ती तलासरीकडे आरोग्यसेविका म्हणून लागली, तिथे दोघांची ओळख झाली. मांगेल्याच्या पोरीने वारल्याशी लग्न करायचं म्हटल्यावर तिच्या घरचे बिथरले. मी मध्ये पडून समजूत काढली. त्यामुळे त्या घरात मला मोठ्या बहिणीचा मान होता. निर्मला मला चंद्राताय म्हणायची आणि त्यांची मुलगी वर्षा ‘मावशी’.

घरात बोलायचं कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्यांनी लग्नानंतर लगेच सोडवला होता. निर्मलाची मांगेली त्यांना यायची नाही, त्यांची वारली तिला यायची नाही. दोघांनीही आपापली बोली चपलेसारखी दाराबाहेर काढून ठेवली. पुढे वर्षा झाली, तेव्हा आईने तिच्याशी शाळेतली मराठी बोलायची आणि बापाने इंग्रजी, असं ठरलं. पोर चुणचुणीत निघाली. पाड्यावर गेली की मात्र ओसरीवर अंग चोरून बसायची. आजी काही म्हणाली की बापाकडे बघायची, आणि बाप तिला इंग्रजीत सांगायचा. लाडकी नातीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि कामाला लागायची.

पालघर जिल्हा वेगळा झाला त्या वर्षीची, म्हणजे २०१४ची गोष्ट. पावसाळी दिवस होते. पलीकडच्या वर्गात सर ‘नाइफ’ शिकवत होते आणि नवशी नावाच्या एका मुलीने उभं राहून विचारलं, ‘‘सर, त्या के-चा उच्चार करायचा नाय, तर लिहायचा कशाला?’’

माझा वर्गही थांबला.

‘‘पूर्वी करत होते,’’ सर म्हणाले. ‘‘माणसं तो बोलायची. मग बोलायची थांबली. पण तोवर छापखाने आले होते, अक्षर तिथे राहून गेलं. मेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर राहतं, तसं.’’

मुलं हसली. मग सरांनी पुस्तक मिटलं आणि सांगायला सुरुवात केली. इंग्रजी म्हणजे साहेबाची भाषा, असं तुम्हांला वाटतं ना? ती मुळात होड्यांतून आलेल्या दांडग्या लोकांची भाषा. येऊन शेती करायला लागले. पुढे नऊशे-साडेनऊशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून एक राजा आला, फ्रेंच बोलणारा. त्याने मुलूख जिंकला. दरबार फ्रेंचमध्ये, निवाडे फ्रेंचमध्ये, देवाधर्माचं लॅटिनमध्ये. इंग्रजी कोण बोलायचं? नांगर धरणारा, मेंढ्या राखणारा, मोलकरीण. शेतात मेंढी असेपर्यंत तिचं नाव इंग्रजी, शिजून राजाच्या ताटात गेली की तिचं झालं मटण, आणि मटण हा शब्द फ्रेंचांचा. कोर्ट, जज, जेल, टॅक्स, सगळे राजाचे शब्द. पण मदर, हाऊस, ब्रेड, वॉटर हे तिचे स्वतःचे राहिले.

‘‘किती वर्षं असं?’’ कुणी तरी विचारलं.

‘‘तीनशेच्या आसपास.’’

‘‘मग ती मेली कशी नाय, सर?’’

मला आडभिंतीपलीकडे दिसत नव्हतं, पण ते खिडकीबाहेर बघत असणार.

‘‘राजाला फ्रेंच यायची,’’ ते म्हणाले, ‘‘पण राजाचं पोर सांभाळायला जी बाई ठेवली होती, तिला येत नव्हती. ती त्या पोराला झोपवताना आपल्या भाषेत बोलायची. पोरं मोठी झाली, त्यांची पोरं झाली, आणि एक दिवस दरबारालाच फ्रेंच परकी वाटायला लागली.’’

मग पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. गलबतं निघाली, त्यांच्याबरोबर ती निघाली. व्यापारात गेली, पलटणीत गेली, कचेरीत जाऊन बसली. जिथे गेली तिथले शब्द उचलत गेली. ‘‘आपली ताडीसुद्धा सोडली नाही तिने, टॉडी करून नेली,’’ म्हटल्यावर वर्ग खदखदून हसला, कारण निम्म्या मुलांच्या बापांची ताडीची झाडं होती.

त्या दिवशी दुपारी डबा खाताना मी त्यांना म्हटलं, ‘‘सर, छान सांगितलंत. पण मग वर्षाला वारली का नाही शिकवत? पोर सांभाळणाऱ्यानेच बोलायची ना ती?’’

त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून ठेवला. म्हणाले, ‘‘बाई, मी वर्गात अर्धंच सांगितलं. इंग्रजी जगली ते सांगितलं. मग मोठी झाल्यावर तिने काय केलं ते नाही सांगितलं. तिच्या शेजारीच वेल्स म्हणून मुलूख आहे. तिथल्या शाळांत पोर आपल्या भाषेत बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवायचे. दिवसअखेर पाटी ज्याच्या गळ्यात, त्याला छडी.’’

‘‘मग? हे माहीत असूनसुद्धा?’’

‘‘पाटी कुणाच्या गळ्यात पडते? ज्याला दुसरी भाषा येते त्याच्या. माझ्या पोरीला दुसरी येतच नाही. तिला कोण पाटी घालणार?’’

मी माझ्या डब्यातला बोंबील त्यांच्या भाकरीवर ठेवला.

दोन वर्षांनी, २०१६ साली, शाळा उघडून थोडेच दिवस झाले होते. मी फळ्यावर कविता लिहीत होते. पलीकडे सर दहावीला काही समजावत होते आणि वाक्य मध्येच वाकडं झालं. सूर ओळखीचा वाटत होता, पण त्यात एकही शब्द नव्हता. मुलांना आधी वाटलं सर गंमत करताहेत. दोघंतिघं हसलीसुद्धा. मग खडू पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ खुर्ची.

मी धावत गेले तेव्हा ते जमिनीवर होते, उजवा हात अंगाखाली दुमडलेला. माझ्याकडे बघत होते. काही सांगायचं होतं, तोंड हलत होतं. गावातल्या जीपमधून आम्ही त्यांना वापीला नेलं. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. जीव वाचला, उजवं अंग लुळं पडलं, आणि वाचा गेली.

घरी आणल्यावर कितीतरी आठवडे ते नुसते छताकडे बघत पडलेले असायचे. निर्मला स्वतः दवाखान्यातली, ती सगळं नीट करायची, अंग पुसणं, कूस बदलणं. वर्षा तेव्हा डहाणूच्या कॉलेजात नुकती जायला लागली होती, विषय अर्थात इंग्रजी. ती एस.टी.तून उतरली की दप्तर टाकून बापाच्या उशाशी बसायची. ‘‘पप्पा, से समथिंग,’’ म्हणायची. सर तिच्याकडे बघायचे, जसं कुणी लांबच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे बघतं.

भातलावणी संपवून लाडकी पाड्यावरून उतरली. पदरात नाचणीची भाकरी बांधून आणली होती. ती खाटेशेजारी खाली बसली, मुलाचा लुळा हात आपल्या मांडीवर घेतला आणि आपल्या बोलीत काहीतरी विचारलं. साधंच असणार, दुखतंय का, जेवलास का, असं.

आणि सरांनी उत्तर दिलं.

जीभ जड होती, शब्द तुटक होते, पण शब्द होते. लाडकीने लगेच पुढचं विचारलं, त्यांनी पुढचं सांगितलं. निर्मला भांडं हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. अठरा-एकोणीस वर्षं ज्याच्याशी संसार केला त्याच्या तोंडून ती भाषा तिने एवढी कधी ऐकली नव्हती. वर्षा एकदा आजीकडे बघत होती, एकदा बापाकडे.

‘‘काय म्हणताहेत, मम्मी?’’

‘‘मला काय ठाऊक,’’ निर्मला म्हणाली आणि रडायला लागली. आनंदाने की कशाने ते तिलाही सांगता आलं नसतं.

डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधी कधी. नेहमी नाही, पण होतं. नंतर शिकलेलं पुसलं जातं आणि आईच्या दुधाबरोबर आलेलं खाली शिल्लक राहतं. मराठी त्यांना कळायची, हळू बोललं तर. बोलता यायची नाही. इंग्रजी मात्र पार गेली. मी त्यांचं नेहमीचं पाठ्यपुस्तक समोर उघडून धरलं होतं, तर त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि पुस्तक माझ्याकडे परत सारलं, नम्रपणे, जसं आपलं नसलेलं टपाल परत करतात.

एकदा दहावीची मुलं भेटायला आली. सवयीने सगळी ओळीत उभी राहून म्हणाली, ‘‘गुड मॉर्निंग, सर!’’ आणि सर स्वच्छ आवाजात म्हणाले, ‘‘गुड मॉर्निंग. सिट डाऊन.’’

घरात एकच गलका झाला. वर्षा पळत आली. मुलांनी पुन्हा म्हटलं, सरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. वर्षा पुढे होऊन म्हणाली, ‘‘पप्पा, हाऊ आर यू?’’ सरांचा चेहरा कोरा झाला. तेवढी दोन वाक्यं वर्षानुवर्षं म्हणून म्हणून तोंडात घट्ट बसली होती, त्यांच्यामागे काही नव्हतं. मुलं खाली मान घालून निघून गेली.

वर्षाने मात्र आशा सोडली नाही, आणि खरं दुःख तिथून सुरू झालं. सराव करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले होते. तिने बालवाडीतली चित्रांची पुस्तकं आणली. रोज संध्याकाळी बाप भिंतीला टेकून बसायचा आणि लेक त्याच्यापुढे चित्रं धरायची. मासा दाखवला की सर माशाचं वारली नाव सांगायचे. झाड दाखवलं की झाडाचं. बरोबरच होतं ते.

‘‘नो, पप्पा. फिश. से फिश.’’

सर पुन्हा तेच सांगायचे, जरा मोठ्याने, जसं आपणच नीट सांगितलं नसेल.

‘‘नो!’’

कधी ते पुस्तक ढकलून द्यायचे. कधी मान फिरवून आईला हाक मारायचे. लाडकी कोपऱ्यात तांदूळ निवडत असायची. एकदा ती मला म्हणाली, ‘‘पोर त्याला काय शिकवते? तो तं बोलतो.’’

मी वर्षाला समजावलं होतं. म्हटलं, अगं, ते ज्यात बोलताहेत ते तू शिक. तुला कितीसं अवघड जाणार? तर म्हणाली, ‘‘मावशी, मी ते शिकले तर मान्य केल्यासारखं होईल ना, की पप्पा परत येणार नाहीत.’’ सतरा-अठराची पोर. तिचा बाप म्हणजे ती इंग्रजीच होती. गोष्टी, लाड, रागावणं, सगळं तिला त्याच भाषेत मिळालं होतं. आता हा जो माणूस आजीशी बोलत बसतो, तो तिला ओळखीचा वाटत नव्हता.

अशी दोन वर्षं गेली. लाडकीला तलासरीच्या बंद घरात करमेना आणि तिच्याशिवाय सरांना. शेवटी २०१८च्या पावसाळ्यानंतर निर्मलाने त्यांना पाड्यावर ठेवलं, त्यांच्या धाकट्या भावाकडे, बाळ्याकडे. तिथे येताजाता कोणीही दोन शब्द बोलायचं. सर अंगणातल्या आंब्याखाली खुर्चीत बसलेले असायचे, चेहऱ्यावर थोडी टवटवीही आली होती. निर्मला ड्यूटी करून यायची. वर्षा रविवारी.

त्याच नोव्हेंबरात आमच्याकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या बाजूला जास्त, पण सगळ्या तालुक्यालाच हादरे बसत होते. जमिनीखालून मालगाडी गेल्यासारखा आवाज यायचा, भांडी वाजायची, मग थांबायचं. लोक थंडीत बाहेर झोपायला लागले. सरकारने तंबू दिले, शाळेची मुलं आम्ही मैदानात बसवून शिकवली. नंतर नंतर लहान हादऱ्यांची सवय झाली. माणूस कशालाही सरावतो.

जानेवारीतल्या एका रविवारी मी वर्षाबरोबर पाड्यावर गेले होते. चिंचणीहून सुके बोंबील नेले होते, लाडकी आंब्याखाली बसून ते साफ करत होती, निर्मला विहिरीवर गेली होती. सर खुर्चीत, तोंड घराकडे. मी आणि वर्षा त्यांच्याशेजारी, घराकडे पाठ करून. एक बारीकसा हादरा येऊन गेला. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. वर्षा उठून ओसरीवर तिची पिशवी आणायला गेली.

तेवढ्यात सर ओरडले. डावा हात पुढे करून ओरडले, ‘‘पल! पल!’’

वर्षा ओसरीवरून वळली. ‘‘पेला? पाणी हवंय, पप्पा?’’ म्हणाली आणि झटकन आत गेली, माठाकडे.

दाराच्या वरची विटांची भिंत हादऱ्याने सुटून पुढे झुकली होती. ती फक्त सरांना दिसत होती. मी मागे वळून बघेपर्यंत दुसरा धक्का आला, आणि भिंतीचा वरचा भाग कौलांसकट खाली बसला.

बाळ्या आणि शेजाऱ्यांनी विटा उपसल्या. वर्षा जिवंत होती. कपाळ भुवईपासून केसांपर्यंत फाटलं होतं आणि हात मोडला होता. या सगळ्या वेळात सर खुर्चीतून खाली पडून, डाव्या कोपरावर सरपटत घराकडे निघाले होते, आणि तोंडाने तोच शब्द चालू होता. डहाणूच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत विहिरीवरून धावत आलेल्या निर्मलाने पोरीचं कपाळ स्वतःच्या ओढणीने दाबून धरलं होतं.

टाके पडले, प्लास्टर झालं. दुसऱ्या दिवशी मी आणि लाडकी भेटायला गेलो तेव्हा वर्षाने विचारलं, ‘‘मावशी, पप्पांनी पाणीच मागितलं होतं ना?’’

मी तिचं पांघरूण सारखं केलं. लाडकीला प्रश्न कळला. ‘‘पानी नाय,’’ ती म्हणाली. ‘‘पल म्हनला तो. पल.’’

मग मला सांगावंच लागलं. वारलीत ळ नाही. आमच्या चिंचणीतही नाही, आम्हीही डोळ्याला डोला म्हणतो. ते ‘पळ’ म्हणत होते.

‘‘पळ मला येतं, मावशी,’’ वर्षा म्हणाली. ‘‘पळ तर मला येतं.’’

तिने बापाला दोष दिला नाही. कोणीच दिला नाही. पण सरांनी तोंड मिटून घेतलं. आधी वाटलं पुन्हा झटका आला की काय, म्हणून वापीला नेऊन आणलं. तसं काही नव्हतं. गिळता येत होतं, जीभ हलत होती. बोलत नव्हते, एवढंच. बाळ्याने विचारलं तर नाही, शेजाऱ्यांनी विचारलं तर नाही. लाडकी त्यांच्या पायाशी बसून दिवसभर काही ना काही सांगत राहायची, कोणाची म्हैस व्याली, कोणाचं लग्न ठरलं. ते ऐकत असायचे. डोळ्यांत कळत असायचं. उत्तर यायचं नाही. आपल्या तोंडून निघालेल्या शब्दाने पोर आत गेली, हे त्यांच्या मनातून कोण काढणार आणि कोणत्या भाषेत काढणार?

प्लास्टर निघाल्यावर वर्षा पाड्यावर जास्त यायला लागली. आता ती आजीजवळ बसून शब्द विचारायची. याला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात. शिकलेले शब्द बापापुढे जाऊन म्हणायची, मुद्दाम मोठ्याने. मी एकदा बघितलं, ती ‘मासा’ म्हणत होती, त्यांच्या भाषेत, आणि थांबून त्यांच्या ओठांकडे बघत होती. सरांनी मान वळवली आणि आंब्याच्या खोडाकडे बघत बसले.

बी.ए. झाल्यावर तिला पुण्यात नोकरी लागली. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर इंग्रजीत बोलायचं काम. मुलाखतीत तिचं इंग्रजी ऐकून त्यांनी विचारलं होतं, कॉन्व्हेंटमधली का? ती म्हणाली होती, नाही, माझ्या वडिलांचं आहे.

जूनमध्ये ती निघाली त्या दिवशी मी तिथे होते. तिने एक वाक्य पाठ केलं होतं. मी जाते, तुम्ही सांभाळून राहा, अशा अर्थाचं. खुर्चीपुढे उकिडवी बसून तिने ते म्हटलं. क्रियापद मराठीच राहून गेलं होतं, पण बाकीचं बरोबर होतं. सरांनी डावा हात उचलून तिच्या कपाळावर ठेवला, टाक्यांच्या व्रणावर. ओठ हलले. वर्षा वाट बघत होती. रस्त्यावर रिक्षावाल्याने हॉर्न दिला, तरी ती उठेना. मग निर्मलानेच तिला उठवलं.

ऑगस्टमध्ये, लावण्या आटोपल्या होत्या आणि पाऊस लागून राहिला होता, तेव्हा वरठा सर गेले. दुपारी जेवून टेकले होते, उठलेच नाहीत. वर्षा पुण्याहून येईपर्यंत थांबलो. पाड्यावरच्या बायका सरांच्या बाजूला बसून त्यांना हाका मारत होत्या, त्यांच्या लहानपणच्या गोष्टी काढून रडत होत्या. शेतातून कसा पळायचा, कोणत्या झाडावरून पडला होता, असं असावं. लाडकी सगळ्यांत पुढे. वर्षा माझ्या दंडाला धरून उभी होती.

‘‘मावशी, काय सांगतेय आजी?’’ तिने कानाशी विचारलं.

मला अर्धं कळत होतं, ते मी सांगितलं. उरलेलं आम्ही दोघींनी नुसतं ऐकलं.

आता आमच्या शाळेत इंग्रजीला नवीन सर आले आहेत, नाशिककडचे. चांगले शिकवतात. आडभिंत पक्की विटांची झाली, पलीकडचं काही ऐकू येत नाही. निर्मलाने सरावली गावाच्या बाजूला बदली मागून घेतली. मी दिवाळीत लाडकीला भेटायला गेले होते. ती बाळ्याच्या नव्या ओसरीवर बसली होती, आधीपेक्षा लहान दिसत होती.

बाळ्याची बायको सांगत होती की दर रविवारी पुण्याहून फोन येतो. म्हातारी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरते आणि दोघी कितीतरी वेळ बोलतात.

‘‘काय म्हणते नात?’’ मी लाडकीला विचारलं.

‘‘आमची भास बोलते,’’ ती म्हणाली. ‘‘काय बोलते तं माना नाय कलत. पन बोलते.’’